सात नंबरचा पाय

माझ्या धाकट्या भावाला लग्नानंतर नऊ वर्षांनी जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. मी तेव्हा एकोणपन्नासचा होतो, तो छत्तीसचा. वडील लवकर गेले, त्यामुळे तो भाऊ कमी आणि मुलगाच जास्त. मीच त्याला शाळेत घातला, मीच त्याला कारखान्यात चिकटवला. मी स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं.

कारखाना खेळाच्या बुटांचा. माझं काम फर्मे करण्याचं. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा. त्याच्यावर कापड आणि कातडं ताणतात, खाली तळ चिकटवतात आणि मग फर्मा ओढून काढतात. आत जी पोकळी राहते तिच्यात माणूस पाय घालतो. फर्मा चुकला की बूट चुकला, मग वरून कितीही रंगीत पट्टे मारा. तीस वर्षं लाकडावर कानस फिरवल्यावर मला एक गोष्ट कळली होती. पाय सरळ कुठेच नसतो. टाचसुद्धा बाहेरच्या अंगाला कललेली असते, आणि चवडा आतल्या अंगाला वळलेला.

भावाचं काम मात्र अजब होतं. कुठलाही नवा बूट निघाला की त्याचा पहिला नमुना सात नंबरात करत. तो घालून बघायला असा माणूस लागायचा, ज्याचा पाय बरोबर सात नंबरचा आहे आणि त्यात काही खोड नाही. चारशे कामगारांत तसा पाय माझ्या भावाचा निघाला. तळव्याची कमान अशी, की तो उभा असताना माझी तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत खाली सरकायची. तेव्हापासून त्याचं नावच सात नंबर पडलं. नमुन्याच्या खोलीत पंख्याखाली बसायचं, बूट घालायचा, मागच्या मैदानात चार फेऱ्या मारायच्या, एका पायावर उड्या मारायच्या आणि येऊन सांगायचं, इथे चावतो, तिथे ढिला आहे. पगार माझ्यापेक्षा जास्त.

घरी त्याच्या पायाचे लाड चालायचे. अनवाणी चालायचं नाही, ओझं उचलायचं नाही, पाय पसरट होतो म्हणे. आम्ही भाड्याचं घर बदललं तेव्हा कपाट मी आणि माझ्या बायकोने जिन्यावरून उतरवलं. तो खाली उभा राहून "डावीकडे घ्या, डावीकडे" म्हणत होता.

बायको म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दमला असाल. बसा घटकाभर."

तो खरंच बसला.

हसून सोडून द्यायचो आम्ही, कारण त्याच्या आधीचे दिवस मी पाहिले होते. पाय सापडायच्या आधी तो सोल्युशनच्या खोलीत होता, तळ चिकटवायला. तिथल्या वासाने त्याची छाती धरायची. दोन वर्षांत तो असा झाला होता की घराच्या एका मजल्याला तीनदा थांबायचा. डॉक्टर म्हणाले होते, ही खोली सोडा नाहीतर हा माणूस सोडा. त्याला त्या खोलीतून त्याच्या पायाने बाहेर काढलं. आणि कारखान्याचा नियम असा, की दर सहा महिन्यांनी पाय मोजायचा. मापात फरक पडला की आपल्या जुन्या जागी परत.

मोजायचो मीच. मला आकडे येत नव्हते. मी आमच्या धंद्याच्या जुन्या रीतीने मोजायचो. कागदाची लांब पट्टी पायाभोवती गुंडाळायची आणि जिथे दोन टोकं भेटतात तिथे नखाने चीर मारायची. चवड्याची एक चीर, कमानीची एक, टाचेची एक, दोन्ही घोट्यांच्या उंचीच्या दोन. पट्टी खिळ्याला टांगायची. नमुन्याच्या खोलीतला कारकून ती आधीच्या पट्टीवर ठेवून बघायचा आणि आकडे लिहून घ्यायचा.

त्याच वर्षी डिझायनर बाई आल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, डोळ्यांवर जाड चष्मा, टेबलाच्या खणात प्लॅस्टिकच्या हाडांचा एक पाय. पहिल्याच दिवशी माझ्या बाकापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, एक विचारू? दोन्ही घोटे सारख्या उंचीवर असतात का हो?"

मी म्हटलं, "परीक्षा घेताय का?"

"नाही. इथले सगळे बूट बघितले. दोन्ही बाजूंचा काठ सारखाच कापलेला आहे. म्हणून विचारते."

"बाहेरचा घोटा खाली असतो, आणि जरा मागे. आतला वर, जरा पुढे. आंधळ्यालासुद्धा कळेल. पण वरून कापायची नक्षी येते सारख्या काठाची, मी काय करू?"

 त्या म्हणाल्या, "मला हे शिकायला चार वर्षं लागली."

"मला पाय कळतो बाई. कागद कळत नाही."

"मग मी कागद बघते, तुम्ही पाय बघा."

असा आमचा तो बूट सुरू झाला. त्या हाडांचा पाय माझ्या बाकावर आणून ठेवायच्या आणि कुठली शीर कुठून जाते ते दोऱ्याने दाखवायच्या. बाहेरच्या घोट्याखाली तीन छोटे पट्टे असतात, हाडाला हाड बांधून ठेवणारे. धावणाऱ्याचा पाय वळतो तेव्हा बहुतेक वेळा यांतलाच एखादा तुटतो. बाईंचं म्हणणं होतं, बूट घोट्याला घासूही नये आणि घोट्याखालची खोबण सोडूही नये; बाहेरून खाली कापा, आतून वर ठेवा, आणि टाच मुठीत धरल्यासारखी धरा. मी त्यासाठी चार फर्मे घासून फेकले. पाचवा हातात घेऊन बाई म्हणाल्या, "हा पाय चालायला लागेल असं वाटतं." इतक्या वर्षांत माझ्या लाकडाबद्दल कुणी काही बोललेलं मला आठवत नाही.

बूट शिवायला जायच्या आधी भावाचं सहामाही माप आलं. मुली तेव्हा महिन्याच्या होत्या. खोलीत आम्ही दोघेच. त्याने मोजा काढला आणि मी नेहमीसारखं बोट कमानीखाली सरकवलं. बोट शिरलंच नाही. नखापाशी अडलं.

मी वर बघितलं. तो खिडकीकडे बघत होता.

"सरळ उभा राहा."

"उभाच आहे की."

"सगळा भार त्या पायावर टाकलायस. दोन्ही पायांवर उभा राहा."

तो राहिला. पाऊल चपातं झालं, घोटा आतल्या बाजूला कलंडला. आतला घोटा खाली उतरून जवळजवळ बाहेरच्याच्या रांगेत आला होता.

"कधीपासून?"

"जिन्यावरून पाय सटकला होता. पावणेदोन वर्षं झाली. आतल्या बाजूला काहीतरी टचकन झालं. मग हळूहळू बसत गेला."

"म्हणजे तीन मापं तू मला फसवलंस?"

"बोटं आवळून धरायचो. कमान वर ओढायचो. आता ओढली जात नाही."

"डॉक्टर?"

"डॉक्टर लिहून ठेवतो दादा. लिहिलं की संपलं." मग म्हणाला, "पोरी एवढ्याएवढ्या आहेत. मला परत त्या खोलीत पाठवणार आहेस का तू?"

मी पट्टी गुंडाळली. खिळ्यावरची जुनी पट्टी घेतली, नव्या पट्टीवर ठेवली आणि जुन्या चिरांवरच नव्या चिरा मारल्या. कारकुनाने सही केली. फरक नाही, म्हणून लिहिलं.

आठवड्याने नमुना तयार झाला. भावाने तो घातला, मैदानात दोन फेऱ्या मारल्या आणि लंगडत आला. "आतल्या बाजूने चावतो बाई. घोट्यावरच येतो काठ. टाचेलाही आवळतो."

बाईंना काही समजेना. कागद म्हणत होता काठ घोट्याच्या खाली आहे, पाय म्हणत होता वर आला. त्या रात्रंदिवस त्याच विचारात. मला म्हणाल्या, "काका, एकदा पुन्हा मोजाल का? माझंच काहीतरी चुकतंय."

मी पुन्हा मोजलं. पुन्हा जुन्या चिरांवर चिरा मारल्या. त्या दिवशी मला खरं सांगता आलं असतं. त्या अनोळखी नव्हत्या, साहेब नव्हत्या. माझ्या बाकावर बसून माझ्या डब्यातलं खाणारी पोर होती. पण मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आहे तसंच आहे."

"तुम्ही म्हणता म्हणजे माप बरोबरच असणार," त्या म्हणाल्या. "म्हणजे नक्षी चुकली."

त्यांनी आतला काठ खाली घेतला. टाच सैल केली. बूट भावाला अगदी मापात बसला. त्याने चार फेऱ्या मारल्या आणि शेरा दिला, आजवरचा सगळ्यात चांगला बूट. म्हणजे बसलेल्या पायासाठी कापलेली नक्षी, आणि तिच्या पोटात धडधाकट पायाचा फर्मा, असं ते कडबोळं झालं. ज्याचा पाय चांगला आहे त्याची टाच त्या बुटात डुगडुगत होती.

पहिले साठ जोड धावपटूंना चाचणीला दिले. दहाव्या दिवशी वळणावर एका मुलीचा घोटा वळला. बाहेरच्या तीनपैकी दोन पट्टे तुटले. एकोणीस वर्षांची होती. पुन्हा धावली नाही. तिची आई कारखान्याच्या फाटकाशी येऊन दोन तास उभी होती. मी त्या दिवशी मागच्या दाराने घरी गेलो.

मोठ्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर तो बूट उभा कापून ठेवला होता. साहेब, कारकून, बाई, भाऊ आणि मी.

साहेब म्हणाले, "नक्षीत चूक की मापात चूक, एवढंच मला हवंय."

बाई म्हणाल्या, "माझ्या पहिल्या नक्षीत चूक नव्हती. दुसरी मी नमुन्याच्या पायावरून बदलली. माप आणि पाय जुळत नाहीत, हे मी तेव्हाच म्हटलं होतं."

साहेब भावाकडे वळले. "काय हो, सात नंबर?"

भावाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, पाय आहे तसाच आहे. पण दादाला अक्षरओळख नाही. कागदावर नखाने ओरखडे मारतो. वय झालंय. चुकला असेल."

साहेबांनी बाईंच्या नक्षीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "यात तुमचं घोट्याचं माप कुठे लिहिलंय, दाखवा बरं."

मी कागद उचलून बघत राहिलो. सगळ्या मुंग्याच मुंग्या.

"उलटा धरलाय त्यांनी," कारकून म्हणाला आणि हसला. साहेबही हसले. भाऊ खाली बघत होता, पण त्याचे खांदे हलले. हसला की काय केलं मला माहीत नाही. मी इतकी वर्षं ते ठरवू शकलेलो नाही.

बाई हसल्या नाहीत. खुर्ची मागे सारून उठल्या. "यांच्या फर्म्यात मला कधी सुताएवढी चूक सापडली नाही. वाद कशाला? पाय इथेच आहे. सात नंबर, मोजा काढा. मी मोजते." आणि त्या भावापुढे गुडघ्यांवर बसल्या, हातात पट्टी घेऊन.

भावाचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप चढला की असाच बघायचा. आत्ताच तो सगळ्यांसमोर माझी अक्कल काढून बसला होता, आणि आता तोच डोळ्यांनी माझे पाय धरत होता. मी गप्प बसलो असतो तरी खरं बाहेर आलं असतं. मला काही बोलावंसुद्धा लागणार नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं.

मी म्हटलं, "मोजायची गरज नाही साहेब. चूक माझी आहे. पट्टी सरकली होती."

बाई तशाच बसून राहिल्या. मग मान वळवून म्हणाल्या, "काका, तुम्ही खोटं बोलताय."

मी भिंतीकडे बघितलं.

संध्याकाळी कारकुनाने एक कागद आणला. म्हणाला, तुमची कबुली आहे, मापात हयगय झाली असं लिहिलंय. शाईची डबी पुढे केली. मी अंगठा उठवला. साक्षीदार म्हणून खाली भावाने सही केली. त्याची सही मोठी ऐटबाज होती, मीच पाटी घेऊन दिली होती त्याला गिरवायला.

बाईंना दुसऱ्या दिवशी काढलं. मला वाटलं, साहेबांना दोघांचे बळी हवे असतील. मला खोकी भरायच्या खोलीत टाकलं. भाऊ पंख्याखाली राहिला. आणखी सव्वा वर्ष. मग बाहेरून एक प्लॅस्टिकचा पाय आला, त्याला ना मुली होत्या ना छाती. भावाला त्यांनी सुदैवाने फाटकावर नोंदवहीशी बसवलं. सोल्युशनच्या खोलीत तो कधीच परत गेला नाही. एवढं मी नक्की मिळवलं.

एकदा मी त्याला म्हटलं, "तुझ्यासाठी मी काय काय गिळलं, आठवतं का?"

तो म्हणाला, "मी कुठे सांगितलं होतं तुला गिळायला?"

माझी बायको आतून म्हणाली, "ऐकलंत? पायीची वहाण डोक्यावर घेतली की असंच."

खोक्यांच्या खोलीत मला वाचायची गरज पडली. खोक्यावर काय लिहिलंय ते न कळल्याने मी एकदा दोनशे जोड भलत्याच गाडीत चढवले. माझ्या मुलाचं लग्न होऊन सूनबाई नवी आली होती. तिने मला बसवून शिकवलं. पोरांना पाटीवर गिरवायला लावतात तसं. माझी बोटं कानशीची, पेन्सिल मोडायची. वर्षभरात मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागलो, दोन वर्षांत वर्तमानपत्र. वेग कमी, पण वाचायचो.

साठाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा कारखान्याने माझी फाइल मला दिली. घरी येऊन मी ती पहिल्या पानापासून वाचायला बसलो. मध्ये तो अंगठ्याचा कागद होता. त्यात लिहिलं होतं: "डिझायनर बाईंच्या सांगण्यावरून मी मापाच्या पट्टीत फेरफार केला. आपली नक्षी बरोबर ठरावी म्हणून त्यांनी मला तसं करायला लावलं. त्यासाठी त्यांनी मला बक्षिसाची लालूच दाखवली." खाली माझा अंगठा. त्याच्या शेजारी भावाची ऐटबाज सही.

मी ते तीनदा वाचलं. हळू वाचणाऱ्याला तीनदा वाचायला बराच वेळ लागतो.

तो कागद घेऊन मी भावाकडे गेलो. मुली शाळेतून आल्या होत्या, अकरा वर्षांच्या, टेबलावर अभ्यास करत होत्या. मी त्याला बाहेर जिन्यात बोलावलं आणि कागद पुढे धरला.

"हे तू वाचून सही केलीस?"

त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता काढलंस होय हे."

"वाचून केलीस का?"

"साहेब म्हणाले, तिचं नाव आलं तर प्रकरण इथेच मिटतं, पाय मोजायची गोष्ट निघत नाही. नाहीतर दोघेही घरी जा. तुझीसुद्धा नोकरी वाचली दादा. तू ते बघतच नाहीस."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तू अंगठा दिला असतास?"

 मला तेव्हा वाटलं, नसता दिला. आज तेवढी खात्री वाटत नाही.

"तुला वाचता येत नव्हतं, हा माझा गुन्हा आहे का?" तो म्हणाला आणि आत गेला. त्याच्या चालण्याचा आवाज मी जिन्यात उभा राहून ऐकला. उजवा पाय जमिनीवर सपाट पडत होता, ओल्या फडक्यासारखा. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. मुलींच्या लग्नांना गेलो, जेवलो, आलो. त्याच्या बायकोशी बोललो, मुलींशी बोललो.

बाईंचा पत्ता मिळवायला मला सहा महिने लागले. त्या दुसऱ्या शहरात एका शाळेत चित्रकला शिकवत होत्या. बुटांचं काम त्यांना पुन्हा कुणी दिलं नव्हतं. असला शेरा घेऊन कोण ठेवणार? मी त्यांना पत्र लिहिलं. आयुष्यातलं पहिलं पत्र, चार ओळींचं, पण पाच दिवस लागले. लिहिलं, की कागदात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, मी वाचायला आता शिकलो, आणि माझ्या भावाचा पाय बसलेला होता, तुमची पहिली नक्षी बरोबर होती.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर मोठं मोठं काढलं होतं, मला वाचता यावं म्हणून.

"काका, तो कागद मला त्यांनी तेव्हाच दाखवला होता. तुम्हाला वाचता येत नाही हे मला माहीत होतं, म्हणून कागदाचा राग मी कधी धरला नाही. मी पट्टी घेऊन खाली बसले होते आणि तुम्ही बोललात, राग त्याचा आहे. तो गेलेला नाही. पुन्हा लिहू नका."

मी पुन्हा लिहिलं नाही. त्या धावणाऱ्या मुलीलाही लिहायचं मनात होतं. तिचं नाव मला माहीत नव्हतं, आणि विचारायला कारखान्यात कुणी उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी भावाची छाती पुन्हा धरली. एवढी वर्षं खोलीबाहेर राहूनही तिने त्याला सोडलं नव्हतं. जुळ्यांतल्या थोरल्या पुतणीचा निरोप आला, की बाबा तुमचं नाव घेतात, या. मी चपला घातल्या आणि आमच्या घराच्या फाटकापर्यंत गेलो. तिथून परत आलो. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशीही गेलो नाही.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी, फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, सकाळी पावणेआठ वाजता इस्पितळात वारला. तो सदुसष्ट वर्षांचा होता.